मांबलमच्या गच्चीवरचं हेदर

घरमालक भाडेकरूला एसी जपून लावायला सांगतो, हे मी तीन-चार गावांत अनुभवलंय. एसी का लावत नाही, असा जाब विचारायला दारात येऊन उभा राहिलेला घरमालक मात्र मला एकच भेटला, आणि तो वेस्ट मांबलममध्ये.

बँकेनं माझी चेन्नईला बदली केली ते साल दोन हजार पाचच्या आसपासचं. नवऱ्यानंही मग गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात नोकरी धरली. तो पहाटे साडेपाचला घर सोडायचा, तो दिवेलागणीनंतरच उगवायचा. राहायला जाऊन आठवडाही झाला नव्हता. एका सकाळी सातला दार वाजलं. दारात घरमालक. कमरेला पांढरी वेष्टी, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, हातात प्लास्टिकचा रिकामा कॅन.

“काल एसी लाविला नाहीं कां?”

“नाही. वारा छान होता, खिडकी उघडून झोपलो.”

“लावावा, अम्मा. नऊ वाजतां लावावा, सकाळीं बंद करावा. खिडकी उघडूं नये. डास येतात.”

एवढं बोलून गेले. मी दार लावलं आणि तिथंच उभी राहिले. मीटर आमचा वेगळा, बिल आम्ही भरणार, मग ह्या माणसाला आमच्या एसीचं काय पडलंय? संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो जेवता जेवता सहज म्हणाला, “खिडक्या बंद असल्या आणि एसीचा आवाज असला की मागच्या बाजूला काय चाललंय ते आपल्याला कळणार नाही. तसलं काहीतरी असेल.” झालं! तो बोलून मोकळा झाला आणि माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. एकतर मी जात्याच संशयी. भाजीवाल्याच्या तराजूपासून स्वतःच्या नणंदेपर्यंत कुणावरही माझा पटकन विश्वास बसत नाही. त्यात हे असं.

दोन दिवसांनी मी मागच्या बोळात डोकावले. आमच्या एसीचं पाणी जिथं ठिबकत होतं, तिथं तोच कॅन, तोंडाला स्वच्छ धुतलेलं फडकं बांधलेला. थोड्या वेळानं मामा, म्हणजे आमचे घरमालक, आले, कॅन उचलला, डावीउजवीकडे बघितलं आणि जिन्यानं वर गेले. मी कपडे वाळत घालायची बादली घेतली आणि पाठोपाठ गच्चीवर.

गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात हिरव्या जाळीचा मांडव होता. त्याच्या आत एक मोठी कुंडी, तिच्यात ओली वाळू, वाळूत बसवलेली लहान कुंडी, आणि तिच्यात वीतभर उंचीचं एक झुडूप. पानं इतकी बारीक की पानं म्हणायची की खवले, कळेना. मामा गुडघ्यांवर बसून एसीचं पाणी चमच्याचमच्यानं त्याला पाजत होते. माझी चाहूल लागली तसे झटकन उठून झाडाला पाठ करून उभे राहिले.

“कपडे पलीकडे, अम्मा. साबणाचं पाणी इकडे उडतां कामा नये.”

मला तेव्हा एकच सुचलं. गांजा! नाहीतर अफू! सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, कपाळाला गंध लावणारा माणूस, आणि गच्चीवर हे धंदे. मी त्याच दिवशी नवऱ्याला म्हटलं, अण्णा नगरला घर बघ, हे घर धोक्याचं आहे. नवरा रविवारी मुद्दाम वर जाऊन बघून आला आणि म्हणाला, “गांजाची पानं अशी नसतात.” त्याला गांजाची पानं कशी असतात ते कसं ठाऊक, ही शंका मग मला बरेच दिवस पुरली.

गल्लीतले सगळे त्यांना मामा म्हणत आणि त्यांच्या बायकोला मामी, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. घराणं तंजावरकडचं मराठी. त्यांचं मराठी पोथीतल्यासारखं जुनं, पण चाल तमिळ; वाक्य शेवटाला वर चढायचं. भाडेकरू मराठीच हवा हा त्यांचा हट्ट, आणि आम्ही मराठी बोलायला लागलो की हे भाषेतच काहीतरी भेसळ शोधतायत असे कान देऊन ऐकायचे. “पुण्याकडचे लोक कुठें गाडी चुकणार असल्यागत बोलतात,” म्हणायचे. मी साताऱ्याची, हे मी त्यांना निदान दहा वेळा सांगितलं असेल.

नोकरी त्यांनी केली ती परदेशातून येणारी झाडं तपासण्याची. आधी बंदरावर, मग विमानतळावर, अशी तीस-बत्तीस वर्षं. कुणाच्या पेटीत गुलाबाची काडी, कुणाच्या पिशवीत कंद, कुणी हौसेनं डबीत घालून आणलेली बाहेरदेशची माती. कागद असले तर तपासून सोडायचं, नसले तर जप्त करायचं आणि जप्त केलेलं साक्षीदारासमोर जाळायचं. एका परक्या किड्यानं अख्ख्या जिल्ह्याची बाग बसते, असं ते सांगायचे आणि ते खरंच होतं. पण निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी आमचं फाटक म्हणजे विमानतळच. कुणीही आत आलं की ‘या, बसा’ नाही. आधी प्रश्न, “झाड, बी, माती?”

माझी आई साताऱ्याहून पहिल्यांदा आली तेव्हा तिलाही तेच विचारलं. दोन दिवसांच्या प्रवासानं बिचारी आंबून गेली होती. ती म्हणाली, “माती कशाला आणू हो? तुमच्याकडं नाही का?” मामांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि तिच्या पिशवीतले दोन डझन हापूस ‘निरीक्षणाकरितां’ ठेवून घेतले. कोयीत किडा असतो म्हणे, वरून कळत नाही. तीन दिवस आंबे जिन्याखाली, वर ओलं कापड, आणि आमचं सगळं घर येताजाता वास घेतंय. चौथ्या दिवशी आंबे परत आले, सोबत चिठ्ठी: तेवीस नग निर्दोष, एक नमुन्यादाखल कापला. मागं उभ्या असलेल्या मामी हळूच म्हणाल्या, “नमुना गोड होता.”

खिशात दोन पेनांच्या मागं लिटमसच्या पट्ट्यांचं पुस्तक असायचं, शाळांना सामान पुरवणाऱ्या दुकानातून आणलेलं. पट्टी बुडवून बघितल्याशिवाय हा माणूस कुठलंच पाणी मान्य करायचा नाही. बोअरचं पाणी त्यांच्या मते विष. टँकर-लॉरीतून येणारं पाणी कुठल्या विहिरीचं, कोण जाणे. मी एकदा कौतुकानं ताक दिलं तर त्यात पट्टी बुडवली. तांबडी झाली तशी खूश होऊन म्हणाले, “उत्तम आहे. झाडाला चालेल.” मग स्वतः प्यायले.

झाडाचं नाव हेदर. हे मला मामींकडून कळलं. पाण्याच्या लॉरीच्या रांगेत घागरी लावून आम्ही दोघी उभ्या होतो तेव्हा मी आडून आडून विचारलं, की मामी, वरचं ते झाड कसलं? इतकी जपणूक? मामींना बोलायला निमित्त लागायचं नाही. त्या घागरीवर बसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

त्यांची एकुलती एक मुलगी स्कॉटलंडला शिकायला गेली होती. तिकडच्या डोंगरांवर हे झुडूप माजतं आणि भर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टला, अख्खा डोंगर जांभळा होतो. दोन वर्षांनी ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा वडिलांना झाडांचं वेड म्हणून हेदरची एक लहानशी कुंडी घेऊन आली. येणार त्याची तारीख घरी कळवली नव्हती, गंमत करायची होती. विमानतळावर टेबलाशी मामाच बसलेले. ती हसत समोर जाऊन उभी राहिली. मामांनी मान वर केली आणि विचारलं, “झाड, बी, माती?”

“तिला वाटलं, अप्पा थट्टा करतात,” मामी सांगत होत्या. “तिनें कुंडी काढून टेबलावर ठेविली. म्हणाली, अप्पा, तुमच्यासाठीं. ह्यांनीं विचारिलं, कागद? कागद कुठले गो असणार पोरीपाशीं? ह्यांनीं रजिस्टर उघडिलं. नांव, देश, वस्तु, वजन. सही कर म्हणाले. तिनें केली. मग तिच्या डोळ्यांदेखत आंत पाठवून जाळिलं.”

“आणि मग?”

“मग पुढल्या प्रवाशाला बोलाविलं.”

मुलगी अकरा दिवस राहिली आणि परत गेली ती पुन्हा आलीच नाही. तिकडेच नोकरी, तिकडेच लग्न. मामी दोनदा एकट्या जाऊन आल्या. मामांना कुणी बोलावलं नाही आणि तेही गेले नाहीत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी अर्ज केले, परवाने काढले, रीतसर कागदांनिशी हेदरचं बी मागवलं. पहिलं पेरलेलं उगवलंच नाही, दुसरं उगवून उन्हानं गेलं, तिसऱ्याला बुरशी आली. हे चौथ्या खेपेचं, तीन वर्षांचं. आणि त्या वर्षी ऑगस्टात मुलगी येणार होती. चौदा वर्षांनी, चार दिवसांकरता, तेही मामींचे गुडघे दुखतात म्हणून.

“तें झाड तोंवर फुलायला हवं,” मामी म्हणाल्या. “नाहीं तर हे तिच्याशीं काय बोलणार? ह्यांना दुसरं कांहीं बोलतां येत नाहीं.”

त्यानंतर मी रोज नऊ वाजता न चुकता एसी लावायला लागले. गारठले तरी. नवरा चादरी पांघरून कुरकुरायचा, पण मी त्याचं काही ऐकून घेतलं नाही.

मामांचा उन्हाळा बघण्यासारखा होता. मे महिन्यात लहान कुंडी वाळूतून काढून सकाळी नऊला खाली न्यायची, स्वतःच्या खोलीत एसीत ठेवायची. संध्याकाळी पुन्हा वर. दिवसभर झाड एसीत, आणि मामा-मामी बाहेर पंख्याखाली घामानं निथळतायत. कोडैकानलहून कुणाला तरी सांगून पाइनच्या पानांचं कुजलेलं खत आणवलेलं, त्यात नारळाचा काथ्या. हेदरला आंबट माती लागते, चुन्याचा अंश सोसत नाही, म्हणून तर एसीचं पाणी, आणि त्यांच्या एकट्या एसीचं पुरत नसे. त्यात क्षार नसतात. शेंडे खुडायचे तेही ठरलेल्या महिन्यात, हिरव्यापर्यंतच. जुन्या लाकडाला कात्री लागली तर तिथून पुन्हा फुटत नाही, हे त्यांनी मला इतक्या कळवळ्यानं सांगितलं की मला भीतीच वाटली. आणि तरीही एवढं बोलणारा हा माणूस मला झाडापासून चार हात लांबच उभं करायचा. माझी बादली, माझे हात, माझ्या चपला, सगळ्यांवर त्यांची नजर. मला राग यायचा. आम्ही काय झाड खाणार होतो?

जूनच्या शेवटी फांद्यांच्या टोकांना मोहरीएवढे ठिपके दिसले. कळ्या! मामा त्या दिवशी फाटकातून आलेल्या पोस्टमनला काहीही न विचारता आत सोडून बसले. मामींनी केसरी केली, म्हणजे आपला शिरा.

आणि जुलैत झाड पिवळं पडायला लागलं.

आधी टोकं, मग एक अख्खी बाजू. मामांनी कुंडीतली माती पाण्यात कालवून पट्टी बुडवली. निळसर. कुणीतरी चुना घालतंय, हे त्यांनी तिथंच ठरवलं, आणि मग आमच्या त्या दोन मजली घरात जे सुरू झालं, त्याला तोड नाही. पहिला संशय शेजारच्या घराला रंग देणाऱ्या माणसांवर. मग अंड्याची टरफलं टाकणाऱ्या कावळ्यांवर. मग प्रत्यक्ष मामींवर; त्यांची पानाच्या चुन्याची डबी कपाटात कुलूपबंद झाली आणि त्या दहा दिवस बिनचुन्याचं पान चघळत हिंडल्या. “चाळीस वर्षं संसार केला, आतां मी चोर,” त्या मला ऐकवायच्या, म्हणजे खरं तर मामांना ऐकवायच्या.

मग माझी पाळी. रविवारी सकाळी हातात वही घेऊन मामा आमच्या बैठकीत.

“चुना?”

“नाही.”

“राख? भांडीं घासायची पूड?”

“नाही हो.”

“साबणाचं पाणी? फिनेल? अंड्याचं टरफल?”

“आम्ही अंडी खात नाही, मामा.” आता माझा पारा चढला होता. “आणि बँकेत लोक माझ्या हातात तिजोरीच्या किल्ल्या देतात. तुमच्या झाडाला मी कशाला काही करीन? तुमची मुलगी यावी म्हणून रात्रीचा गारठा सोसतेय मी!”

मामांनी वहीतून मान वर केली. माझ्याकडे नीट बघितलं. “तसं नव्हे, अम्मा. जें येतं तें कुणीं तरी चांगल्या मनानेंच आणिलेलं असतं,” म्हणाले आणि गेले. मला ते बोलणं तेव्हा टोमण्यासारखं लागलं. मीही मग त्यांच्यावर संशय घेतला, की ह्यांनीच काहीतरी चुकीचं खत घातलं असेल आणि आता खापर फोडायला माणूस शोधतायत.

आडी महिन्याचा शुक्रवार होता. तिकडे आडीतल्या शुक्रवारी देवीची पूजा मोठी. मामी म्हणाल्या, “अगो, आज उंबऱ्यापाशीं तुझी तिकडची रांगोळी घाल. आमचं पीठ मुंग्या खाऊन टाकतात.” त्या तांदळाच्या पिठाचं कोलम घालायच्या, तिकडची रीतच ती; मुंग्यांनाही चारा व्हावा म्हणून. माझी रांगोळी आई साताऱ्याहून पाठवायची. मी हौसेनं मोठं कमळ काढलं. मामा फिरून आले, उंबऱ्याशी थबकले.

“हें पीठ कसलं? मुंग्या कशा नाहींत?”

“पीठ नाही, मामा,” मी मोठ्या दिमाखात सांगितलं. “शिरगोळा. पांढरा दगड असतो, तो दळतात.”

“दगड?”

त्यांनी वाकून चिमूट उचलली, पूजेच्या ताटातलं अर्धं लिंबू घेतलं आणि तळहातावर पिळलं. रांगोळी फसफसली. बारीक बारीक बुडबुडे. मला क्षणभर गंमतच वाटली. मग मी मामांचा चेहरा बघितला.

“ही तूं रोज घालतेस?”

“हो, देवापुढं.”

“आणि दुसऱ्या दिवशीं? जुनी कोठें टाकतेस?”

देवापुढची रांगोळी केरात टाकायची नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायची नाही, झाडाच्या मुळाशी ठेवायची, हे आईनं मला परकर नेसायच्या वयात शिकवलेलं. साताऱ्याला आमची तुळस होती. इथं तुळस मामींची, खाली दारात, जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या पायाशी. आणि वर गच्चीवर जाळीतलं हे झाड, कुणाचा पाय लागत नाही, कुणी इतकं जपतंय. नवरा पहाटे गेला, की मी कपडे घेऊन वर जायची. मामा तेव्हा देवळात असायचे. वाटीतली रांगोळी जाळीखालून हात घालून हळूच मुळाशी मातीत मिसळायची आणि नमस्कार करायची. रोज. जानेवारीपासून, मामींनी त्याची गोष्ट सांगितली तेव्हापासून. कधीकधी म्हणायचीसुद्धा, की देवा, ह्यांचं झाड फुलू दे.

आणि त्यांनी वही घेऊन विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, ते खोटं नव्हतं. चुना, राख, पूड, साबण! रांगोळी ही काही ‘टाकायची वस्तू’ आहे, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. रडतच सांगितलं. मामांनी हात धुतला. “रोज,” एवढं स्वतःशी म्हणाले आणि गच्चीवर गेले. दुपारपर्यंत त्यांनी झाड काढून मुळं एसीच्या पाण्यात धुतली, माती बदलली, सुकलेली बाजू कापून टाकली. मी मदतीला गेले तर मान हलवून नको म्हणाले. त्यानंतर दहा दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. एसीबद्दलही नाही. नवरा म्हणाला, आता घर सोडायची नोटीस येणार. मलाही तेच वाटत होतं, आणि खरं सांगते, ती यावी असंच वाटत होतं. त्या माणसाची चौदा वर्षांनी आलेली एक संधी मी वाटीवाटीनं मारली होती.

मुलगी आली ती दुपारी. मामांनी फाटकाशी काय विचारलं, ते मला ठाऊक नाही. मी घरात दार लावून बसले होते. पाच वाजता मामींची हाक आली, “ये गो वर, ती आली आहे.” जाऊ नये असं फार वाटलं. गेले.

ती झाडासमोर उकिडवी बसली होती. चाळिशीची बाई, केसांत चार पांढरे, डोळे अगदी मामांचे. झाड निम्मंच उरलं होतं. एका फांदीला सात-आठ फुलं होती, ज्वारीच्या दाण्याएवढी, फिकट जांभळी. बाकीच्या कळ्या उघडायच्या आधीच वाळलेल्या.

“अप्पा, इथं? मांबलमांत?” ती म्हणाली.

मामा तिच्यासमोर फाईल धरून उभे होते. “कागद आहेत,” म्हणाले. “परवाना, तपासणीचा दाखला. सगळं रीतसर आहे.”

“मी कागद मागितले नाहींत.”

तिनं बोटानं एक वाळकी कळी उचलली. “अर्धं कशानें गेलं?”

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“हवा,” ते म्हणाले. “चेन्नैचा उन्हाळा. दुसरं कांहीं नाहीं.”

मी गप्प बसले असते तर सुटले होते. पण ती तशीच खाली बघत राहिली, आणि मला एकदम जाणवलं, की आत्ता काय झालं ते हिला कळलंच नाही. हिच्या बापानं आत्ता नियम सोडून मला पाठीशी घातलं, हे हिला कुणी सांगितलं नाही तर ती चार दिवसांनी तशीच परत जाईल.

“उन्हाळ्यानं नाही गेलं,” मी म्हणाले. “माझ्यामुळं गेलं. मी रोज देवापुढची रांगोळी त्याच्या मुळाशी घालत होते. ती दगडाची असते, त्याला सोसली नाही. मामांना सगळं माहीत आहे.”

मामी “अय्यो” म्हणून तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग बराच वेळ वडिलांकडे.

“तुम्हांला माहीत होतं?”

“होय.”

“आणि हिला सोडिलंत?”

मामा म्हणाले, “तिला ठाऊक नव्हतं, मा. देवाचं म्हणून घातलं तिनें. चांगल्या मनानें.”

“मीही तुमच्यासाठीं म्हणूनच आणिलं होतं, अप्पा.”

ती ओरडली नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाली. मामांनी हातातली फाईल मिटली.

“रजिस्टरांत त्याला रकाना नव्हता,” ते म्हणाले. “मी घरीं येऊन तुला सांगायला हवं होतं. रोज आज सांगेन, उद्यां सांगेन म्हणालों. अकरा दिवस म्हणालों. मग तूं गेलीस.”

ती उठली. त्यांच्या हातातली फाईल काढून तिनं मामींकडे दिली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. “चला खालीं,” म्हणाली. “सगळं सांगा आतां. मला ऐकायचं आहे.”

तिघं जिना उतरून गेली. मी तिथंच त्या अर्ध्या झाडापाशी बसले आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडले.